उडालेल्या फ्यूजच्या मागे

जुना अ‍ॅम्प्लिफायर बिघडण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. एका बाजूचा आवाज जातो, गाण्याखाली सतत गुणगुण ऐकू येते, व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते, तासाभराने आवाज फाटू लागतो. या सगळ्या तक्रारींत यंत्राचा बराचसा भाग चालू असतो, आणि चालू असलेला भागच तपासणाऱ्याला भलत्या वाटेने नेतो. त्या मानाने बटण दाबल्यावर काहीही न होणे, म्हणजे डायलचा दिवा नाही, ट्रान्सफॉर्मरची बारीक घरघर नाही आणि काही सेकंदांनी ऐकू येणारा रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या आतल्या स्विचचा, ‘टक्’ही नाही, ही तक्रार मला सर्वांत सरळ वाटते. भिंतीतल्या सॉकेटपासून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वायंडिंगपर्यंत, म्हणजे वीज आत घेणाऱ्या वेटोळ्यांपर्यंत, विजेला जायला एकच वाट असते: पिन, वायर, स्विच, फ्यूज, मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर आणि मग वायंडिंग. या वाटेवर कुठेतरी खंड पडलेला असतो आणि साधा मल्टिमीटर हाताशी असेल तर तो शोधायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतरचे असते. वाट कुठे तुटली हे कळल्यावर ती का तुटली हे विचारण्याऐवजी ती लगेच जोडून टाकण्याचा मोह होतो, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे जेवढे नुकसान मूळ बिघाडाने होत नाही तेवढे या मोहाने होते, असे माझे मत बनले आहे.

हे मत ज्या यंत्रामुळे अधिक पक्के झाले ते माझ्या मामांचे. मामा व्यापारी जहाजांवर नोकरीला होते आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सिंगापूरहून एक जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. जाड अ‍ॅल्युमिनियमची दर्शनी पट्टी, लाकडी खोके आणि दोन्ही हातांनी उचलावे लागेल एवढे वजन. मामांच्या पश्चात तो मालवणच्या घरात बरीच वर्षे कधी चालू, कधी बंद असा पडून होता. मामेभावाने तो पुण्याला माझ्याकडे आणला तेव्हा निदान करूनच आणला होता. “फ्यूज गेलाय रे फक्त, नवा टाक आणि लाव,” एवढेच त्याचे म्हणणे होते. फ्यूज गेला होता हे खरेच होते. ‘फक्त’ या शब्दाबद्दल मात्र मला शंका होती.

दिवा लागत नाही म्हणजे वीज पोहोचत नाही, असे लगेच धरून चालणे बरोबर नाही. त्या काळातल्या बऱ्याच जपानी यंत्रांत डायलच्या मागे काचेच्या फ्यूजच्या आकाराचे छोटे दिवे असत आणि इतक्या वर्षांत ते जळून गेलेले असण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून मी आधी खोक्याला कान लावतो. ट्रान्सफॉर्मरला वीज मिळत असेल तर अगदी बारीक का होईना, पण कंप जाणवतो. मग रिलेची वाट पाहतो. स्पीकरच्या तारा आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसवलेला हा रिले यंत्र स्थिरस्थावर होईपर्यंत, साधारण तीन ते पाच सेकंद, स्पीकर जोडतच नाही. आणि आउटपुटवर डी.सी., म्हणजे एकाच दिशेचे, व्होल्टेज दिसले तर तो मुळीच जोडत नाही. त्यामुळे दिवा आहे पण रिले वाजत नाही, या तक्रारीचा अर्थ पूर्ण निराळा असतो: वीज आत आली आहे, पण आतल्या सर्किटला आपली प्रकृती ठीक वाटत नाही. मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये यांतले काहीच नव्हते.

वायर दोन तारांची होती, अर्थिंगशिवाय, आणि तिचे आवरण कडक होऊन पिनेजवळ तडकले होते. ती बदलावी लागणारच होती, परंतु मीटरवर ती अखंड होती. स्विचही ठीक होता. या स्विचांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: बंद करताना उडणारी ठिणगी शोषून घेण्यासाठी त्यांच्या दोन टोकांवर एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, लावलेला असतो आणि तो जुना होऊन आतून शॉर्ट झाला तर यंत्र बंदच होत नाही, म्हणजे आपल्या तक्रारीच्या नेमके उलटे घडते. काही यंत्रांत ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांच्या आत एक थर्मल फ्यूज पुरलेला असतो. ट्रान्सफॉर्मर मर्यादेबाहेर तापला की तो एकदाच आणि कायमचा उघडतो, बाहेरून दिसत नाही, आणि मग प्रायमरीवर मीटर काहीच दाखवत नाही. इथे प्रायमरीवर काही ओहम दाखवत होते, तेव्हा मोठे संकट टळले होते. मग मी फ्यूज काढून उजेडात धरला.

काचेचा फ्यूज कसा गेला हे पाहणे मला त्याची कन्टिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का हे, तपासण्याहून महत्त्वाचे वाटते. आतली तार मध्येच वितळून नुसती तुटलेली असेल आणि काच स्वच्छ असेल तर मर्यादेपेक्षा थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला असावा किंवा तार केवळ वयाने थकली असावी. दर वेळी चालू करताना मोठ्या ट्रान्सफॉर्मरला बसणारा पहिला झटका ती वर्षानुवर्षे सोसत असते. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर तार वितळली नसून तिची वाफ झाली आहे, म्हणजेच प्रवाह प्रचंड होता आणि पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. मामांच्या फ्यूजची काच आरशासारखी चमकत होती. त्याहून वाईट गोष्ट त्याच्या धातूच्या टोपीवर कोरलेली होती. यंत्राच्या मागच्या पट्टीवर २.५ अँपिअर छापले होते आणि आत बसवलेला फ्यूज ८ अँपिअरचा होता.

हा उद्योग कोणी केला ते विचारण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे जत्रेत किंवा मंडपात लाऊडस्पीकरच्या यंत्राचा फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून कार्यक्रम पुढे चालू ठेवण्याची रीत होतीच, आणि तिथे निदान समोर माणसे बसलेली असत, आरती खोळंबलेली असे. घरातल्या यंत्राला अशी कोणतीही घाई नसते. २४० व्होल्टवर अडीच अँपिअर म्हणजे सहाशे व्होल्ट-अँपिअर. त्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरने क्षणभर सोसावे एवढे. आठ अँपिअर म्हणजे जवळजवळ एकोणीसशे. फ्यूजवरचा आकडा हा यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याने दिलेला अभिप्राय असतो, की याच्या पुढे गेले तर मला हे यंत्र बंद पडलेले चालेल, पण जळालेले चालणार नाही. त्याचा अभिप्राय तिप्पट करून ठेवल्यावर आत काय काय गेले असेल याचा अंदाज येऊ लागला.

अशा वेळी नवा फ्यूज न टाकता मी सिरीज बोर्ड काढतो. दुरुस्तीच्या प्रत्येक जुन्या दुकानात तो भिंतीला टांगलेला असे: एक होल्डर, एक सॉकेट, आणि होल्डरमधला बल्ब यंत्राच्या मालिकेत येईल अशी जोडणी. बल्ब मात्र तारेचाच हवा. एलईडी इथे निरुपयोगी आहे, आणि शंभर वॉटचा जुना बल्ब आता शोधत फिरावे लागते, म्हणून मी दोन-तीन जपून ठेवले आहेत. या बल्बची गंमत अशी की त्याची थंड तार विजेला फारसा विरोध करत नाही, सुमारे चाळीस ओहम, पण ती पांढरी होईपर्यंत तापली की तोच विरोध पाचशेच्या वर जातो. यंत्र निरोगी असेल तर चालू करताच बल्ब क्षणभर चमकतो, कारण आतले मोठे कपॅसिटर भरत असतात, आणि मग मंद होतो. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि साऱ्या वेळात यंत्राला अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह मिळतो, ज्याने सहसा काही जळत नाही. मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला बल्ब घरात उजेड पाडावा तसा लागला. मग ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या वेटोळ्यांच्या, तारा ए.सी.चे डी.सी. करणाऱ्या रेक्टिफायरपासून सोडवल्या आणि पुन्हा चालू केले, तेव्हा बल्ब एकदा लुकलुकून जवळजवळ विझला. ट्रान्सफॉर्मर वाचला होता. हे पहिले समाधान, कारण बाकी सगळे भाग आज ना उद्या मिळतात, पण तशा ट्रान्सफॉर्मरसाठी वायंडिंग करून देणारा कारागीर गाठावा लागतो आणि तसे कारागीर कमी होत चालले आहेत.

पुढे हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे करणे आवश्यक असते. प्रत्येकी दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर चाळीस व्होल्टला भरलेले असले की एकेकात आठ ज्यूल साठलेले असतात. पेचकसाने शॉर्ट करून ‘फट्’ आवाज काढण्यात काहींना शौर्य वाटते. त्यात पेचकसाचे टोक जाते आणि कपॅसिटरलाही इजा होते. शंभर ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर टोकांवर पाच-सहा सेकंद धरला की काम शांतपणे होते, आणि मीटर लावून खात्री करता येते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेच व्होल्टेज तीनशे-चारशेच्या घरात असते. तिथे ही खबरदारी जिवाशी निगडित आहे आणि ज्याला तिची सवय नाही त्याने ते खोके उघडू नये, एवढेच मी म्हणेन.

रेक्टिफायरच्या चार डायोडांपैकी एक दोन्ही दिशांनी शून्य दाखवत होता. निरोगी सिलिकॉन डायोड मीटरवर एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर दाखवतो आणि उलट्या दिशेने काहीच नाही. चार डायोड स्वस्त असतात आणि इथेच दुरुस्ती संपली असे म्हणता आले असते. तथापि डायोड स्वतःहून क्वचित मरतो. त्याच्याकडून कोणीतरी त्याच्या ताकदीबाहेर काम करून घेतलेले असते. म्हणून त्याच्या पुढे गेलो. उजव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर, म्हणजे मुख्य प्रवाहाच्या दोन टोकांमध्ये, शॉर्ट निघाले, त्यांना चालवणाऱ्या ड्रायव्हरपैकी एक गेला होता आणि एमिटरमधला एक पांढरा रेझिस्टर मधोमध चिरला होता. म्हणजे धन आणि ऋण अशा दोन्ही पुरवठ्यांच्या मध्ये सरळ वाट तयार झाली होती. अडीच अँपिअरचा फ्यूज असता तर तो इथेच उडाला असता. आठ अँपिअरचा थांबून राहिला, तेवढ्या वेळात डायोड भाजला, आणि डायोड शॉर्ट झाल्यावर मात्र त्याचाही निरुपाय झाला. डावा चॅनेल अबाधित होता. स्पीकरही सुखरूप होते. आउटपुटवर पुरवठ्याचे व्होल्टेज येताच रिलेने ते तोडले असणार.

परंतु ट्रान्झिस्टर तरी का जावेत? स्पीकरच्या तारा एकमेकींना लागल्या का, असे मामेभावाला फोनवर विचारले. तसे काही आठवत नव्हते, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या वेळी अगदी हळू आवाजात चालू होता, फक्त वरून हात लावला तर नेहमीपेक्षा गरम लागत होता, असे तो म्हणाला. हा शेवटचा तपशील मोलाचा होता. हळू आवाजात तापणे म्हणजे बायस वाढणे. आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग आळीपाळीने सांभाळतात आणि त्यांच्या सांध्यावर आवाज फाटू नये म्हणून गाणे नसतानाही त्यांच्यातून थोडा प्रवाह वाहता ठेवलेला असतो. तो किती असावा हे एका छोट्या प्रीसेटने, म्हणजे पेचकसाने फिरवून जुळवायच्या रेझिस्टरने, ठरते. प्रीसेटचा मधला फिरता स्पर्श एका लहान ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलेला असतो, आणि हा लहान ट्रान्झिस्टर प्रवाहाला आवर घालत असतो. मालवणच्या खाऱ्या हवेत त्या उघड्या प्रीसेटचा ट्रॅक काळपट हिरवा झाला होता. मीटर लावून पेचकसाने हलकेच फिरवले तर आकडा मध्येच नाहीसा होई. स्पर्श सुटला की आवर घालणारा ट्रान्झिस्टर बंद, तो बंद की बायस कमालीवर, बायस वाढला की आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात आणि तापलेला ट्रान्झिस्टर त्याच व्होल्टेजला आणखी प्रवाह ओढतो. या चक्रातून तो परत येत नाही. त्या अ‍ॅम्प्लिफायरमधला बहुधा सर्वांत स्वस्त सुटा भाग म्हणजे तो प्रीसेट होता.

भर घालणारी आणखी एक गोष्ट होती. जहाजी लोकांना आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांना मागे ११०, १२०, २२० आणि २४० असा सिलेक्टर असे. मामांचा २२० वर होता. आपल्याकडचे ठरलेले व्होल्टेज २३०, त्यात सहा टक्के इकडेतिकडे धरलेले, म्हणजे २४४ पर्यंत ते रीतसरच समजायचे. २२० साठी दिलेल्या वेटोळ्यांना २४४ मिळाले की आतला प्रत्येक पुरवठा अकरा टक्क्यांनी चढतो आणि उष्णता त्याहून अधिक. एवढ्याने यंत्र जळत नाही, मात्र आधीच काठावर असलेल्याला ढकलायला ते पुरते. अमेरिकेतून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या यंत्रांची गोष्ट याहून कठीण असते. त्यांत सिलेक्टर नसतोच, प्रायमरी फक्त १२० व्होल्टची असते, आणि ते इथल्या सॉकेटमध्ये लावले की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊन प्रवाह बेसुमार वाढतो. तिथे फ्यूज छापल्याप्रमाणे असेल तर यंत्र वाचते. त्यांना योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

प्रीसेट, डायोड आणि रेझिस्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, मिळाले. मूळ जपानी ट्रान्झिस्टर कधीच बनायचे बंद झाले आहेत आणि त्या नंबरांचे बनावट जगभर विकले जातात: जुना नंबर नव्याने छापलेला, आणि आत मूळच्या मानाने इवलासा सिलिकॉनचा तुकडा. म्हणून मी जुन्या नंबराचा हट्ट सोडून अजून उत्पादनात असलेली, व्होल्टेज आणि वॉट यांत थोडी वरचढ अशी जोडी घेतली. आपल्याकडे घरोघरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांत वर्षानुवर्षे टू एन ३०५५ आणि एमजे २९५५ ही जोडी चालत आली आहे, पण साठ व्होल्टची तिची मर्यादा इथे अपुरी होती. दोन्ही पुरवठे मिळून ऐंशी व्होल्ट होत होते. बसवताना धातूच्या ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची चकती तपासली, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट पातळ लावली आणि कलेक्टर हीटसिंकला, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाला, कुठे टेकत नाही ना, हे मीटरने पाहिले. ही चकती चिरलेली असेल तर नवे ट्रान्झिस्टर पहिल्याच क्षणी जातात. प्रीसेट मी दोन्ही चॅनेलचे बदलले. डावा अजून चालत होता, पण तोही त्याच हवेत राहिला होता.

मामेभावाचे आणि माझे थोडे वाजले ते कपॅसिटरवरून. जुने यंत्र उघडले की आतले सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सरसकट बदलून टाकावेत असे मानणारा एक पंथ आहे आणि त्याने तसे कुठेतरी वाचले होते. मला ती पद्धत पटत नाही. पन्नास सांधे उकलून पुन्हा डाख लावताना जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटण्याचा धोका असतो, आणि एकदम एवढे बदलल्यावर काही चुकले तर नवा दोष कुठून आला हे कळायला मार्ग राहत नाही. मोजावे, आणि जो कपॅसिटर फुगला, गळला किंवा मापात कमी भरला तोच बदलावा. पुरवठ्याचे दोन मोठे कपॅसिटर मापात पुरे भरले, ते ठेवले. त्यांच्या बुडाशी कारखान्यात लावलेला डिंक मात्र खरवडून काढला. पिवळसर असताना तो निरुपद्रवी असतो, काळाने तपकिरी पडला की विजेला वाट देऊ लागतो आणि शेजारच्या तारा कुरतडतो. रिलेच्या सर्किटमधले दोन छोटे कपॅसिटर बदलले.

एवढे झाल्यावर यंत्र पुन्हा सिरीज बोर्डावर गेले, स्पीकरशिवाय, प्रीसेट सर्वांत कमी बायसवर आणि सिलेक्टर २४० वर. बल्ब चमकला, मंदावला आणि मंदच राहिला. काहीजण या टप्प्यावर डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवतात, आणि बराच काळ पडून राहिलेल्या कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पुन्हा जमण्यासाठी ते हिताचे असते. मात्र डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर, असल्यामुळे तो मुख्य विजेपासून वेगळेपणा देत नाही, आणि तेवढ्यावर विसंबून चॅसीला हात लावणे धोक्याचे आहे. आउटपुटवरचे डी.सी. दोन्ही बाजूंना वीस मिलिव्होल्टच्या आत होते; पन्नासपर्यंत मी चालवून घेतो. मग बल्ब काढून छापल्याप्रमाणे अडीच अँपिअरचा फ्यूज बसवला आणि बायस लावायला घेतला. एमिटरमधल्या ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर दहा मिलिव्होल्ट म्हणजे तीस मिलिअँपिअर. थंड यंत्रावर लावलेला आकडा अर्ध्या तासाने बदलतो, म्हणून तो गरम झाल्यावर पुन्हा जुळवला, झाकण ठेवून वाट पाहिली आणि परत मोजला.

काय बदलले, कोणत्या नंबराचे ट्रान्झिस्टर घातले, बायस किती ठेवला आणि मोठे कपॅसिटर मूळचेच आहेत, हे एका कागदावर महिना-वर्षासह लिहून तो मी झाकणाच्या आतून चिकटवला. पुढे हे खोके कोणी उघडले तर त्याला माझ्यासारखे अंदाज बांधत बसावे लागू नये. व्हॉल्यूम फिरवताना उजवीकडे थोडी खरखर अजून आहे आणि तो पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर, साफ करून भागेल की बदलावा लागेल, हे ठरवायचे राहिले आहे. मामेभाऊ यंत्र न्यायला आला तेव्हा त्याला अडीच अँपिअरचे दोन जादा फ्यूज हवे होते, अडीनडीला असावेत म्हणून. मी दिले नाहीत. फ्यूज उडाला तर तो न काढता यंत्र तसेच पुण्याला पाठव, असे सांगितले.